विश्लेषण : मोबाइल टॉवर बंद, तरी हॅम रेडिओ बोलतो कसा? 'ऑटोमॅटिक अँटेना ट्यूनर' नेमका काय करतो?

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे उद्ध्वस्त केली, हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. देशात मोबाइल सेवा सुरू व्हायला तेव्हा जवळपास दोन वर्षे बाकी होती. औषधे काय हवीत, मदतीचे ट्रक कुठे वळवायचे, कोण कुठल्या रुग्णालयात आहे, हे कळवायलाही साधन अपुरे होते. त्या दिवसांत संपर्काच्या कामात उतरलेल्यांमध्ये हॅम रेडिओ ऑपरेटरही होते.

आज परिस्थिती वेगळी आहे, पण धोका टळलेला नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. खिशात मोबाइल असला तरी त्याच्या टॉवरला वीज लागते, बॅटरी लागते आणि टॉवरपर्यंत आलेली फायबर केबल शाबूत लागते. यातले काहीच नसताना १२ व्होल्टची बॅटरी, एक रेडिओ आणि झाडाला बांधलेली तार यांवर शेकडो किलोमीटर बोलता येते. या साखळीत रेडिओ आणि तार यांच्या मधे एक छोटा डबा असतो. तो म्हणजे ऑटोमॅटिक अँटेना ट्यूनर. तो काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घेऊ.

हॅम रेडिओ इतक्या लांब पोहोचतो कसा?

हॅम किंवा अमॅच्युअर रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, पैसे न कमावता, छंद आणि प्रयोगासाठी केलेले रेडिओ संभाषण. हातातला छोटा वॉकीटॉकीसारखा सेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्यामुळे सपाट भागातही तो काही किलोमीटरच पोहोचतो. उंचावर रिपीटर असेल तर पल्ला वाढतो.

लातूर ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ४०० किलोमीटर, लातूर ते हैदराबाद सुमारे २३० आणि नांदेड ते लातूर सुमारे ११५ किलोमीटर आहे. इतक्या अंतरासाठी ३ ते ३० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे एचएफ, उपयोगी पडतो. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातून, आयनोस्फिअरमधून, परत जमिनीकडे वळतात. अँटेना जमिनीपासून फार उंच नसेल तर लहरी जवळपास सरळ वर जातात आणि कारंज्याच्या पाण्यासारख्या आजूबाजूच्या काहीशे किलोमीटरच्या परिसरात खाली येतात. मधे डोंगर असला तरी फरक पडत नाही. जिल्हा ते राजधानी असा संपर्क हवा असेल तर ही पद्धत सोयीची ठरते.

यात एक अडचण आहे. दिवसा सहसा ७ मेगाहर्ट्झचा बँड चालतो. रात्र झाली की आयनोस्फिअर बदलतो आणि जवळच्या अंतरासाठी ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते. म्हणजे ऑपरेटरला एकाच दिवसात बँड बदलायचा आहे, पण झाडावरची तार तीच आहे. ट्यूनरची गरज इथे पडते.

तार तीच ठेवली तर काय बिघडते?

अँटेनाची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते. मधोमध केबल जोडलेल्या साध्या डायपोल अँटेनाची एकूण लांबी मीटरमध्ये काढायची असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येते सुमारे २० मीटर, ३.६ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४० मीटर आणि १४.२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १० मीटर.

रेडिओ सेट आणि केबल या दोन्ही गोष्टी ५० ओहम इम्पिडन्स गृहीत धरून बनवलेल्या असतात. इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युत प्रवाहाला होणारा एकूण अडथळा. लांबी बरोबर असेल तर अँटेना या ५० ओहमच्या आसपास असते. लांबी चुकली, तार घराच्या पत्र्याजवळ आली, पावसाने जमीन भिजली किंवा अँटेना खाली झुकली की हा आकडा बदलतो. मग रेडिओने पाठवलेल्या शक्तीचा काही भाग अँटेनापासून उलटा फिरतो. खांबाला बांधलेला दोर हलवला की लाट खांबापर्यंत जाऊन परत हाताकडे येते, तसेच केबलमध्ये घडते.

जाणारी आणि परतणारी लाट यांच्या मिश्रणावरून एक आकडा काढतात, तो म्हणजे एसडब्ल्यूआर, अर्थात स्टँडिंग वेव्ह रेशो. तो १ असेल तर सगळे जुळले आहे. जितका मोठा, तितका बेबनाव जास्त.

एका नजरेत : एसडब्ल्यूआर आणि उलट फिरणारी शक्ती

१.५ असेल तर ४ टक्के
२ असेल तर ११ टक्के
३ असेल तर २५ टक्के
५ असेल तर ४४ टक्के

एसडब्ल्यूआर वाढला की आधुनिक रेडिओ स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप आपली ताकद कमी करतो. आतले ट्रान्झिस्टर जळू नयेत म्हणून ही सोय असते. परिणाम असा, की १०० वॉटचा सेट हातात असूनही बाहेर जेमतेम काही वॉट पडतात आणि पलीकडच्याला तुमचा आवाज ऐकूच जात नाही.

ट्यूनरच्या डब्यात काय असते?

हे समजायला शेतातला पंप घ्या. कृषिपंपाला कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करते. कारण मोटारीतल्या कॉइलमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो. कपॅसिटर नेमके उलटे करतो, तो करंटला पुढे आणतो. दोघांचा परिणाम एकमेकांना काटतो आणि लाइनवरचा फुकटचा भार कमी होतो.

अँटेना ट्यूनर याच तत्त्वावर चालतो. लांबीला कमी पडणारी डायपोल कपॅसिटरसारखी वागते, थोडी जास्त लांब असेल तर कॉइलसारखी. ट्यूनर त्याच्या उलट गुणाचा भाग जोडून हा परिणाम काढून टाकतो. शिवाय उरलेला ओहमचा आकडाही ५० वर आणून ठेवतो. बहुतेक ऑटोमॅटिक ट्यूनरमध्ये यासाठी साधी रचना असते. एक कॉइल सरळ मार्गात आणि एक कपॅसिटर तिथून जमिनीकडे. अँटेनाचा अडथळा ५० ओहमपेक्षा जास्त असेल तर कपॅसिटर अँटेनाच्या बाजूला लागतो, कमी असेल तर रेडिओच्या बाजूला.

पण पंपाचा कपॅसिटर एकदा बसवला की काम झाले. इथे फ्रिक्वेन्सी बदलली की किंमत बदलावी लागते. हाताने चालवायच्या ट्यूनरमध्ये त्यासाठी दोन-तीन गोल नॉब असतात आणि ऑपरेटर मीटरकडे पाहत ते फिरवत बसतो. ऑटोमॅटिक ट्यूनरमध्ये हे काम रिले आणि मायक्रोकंट्रोलर करतात.

किराणा दुकानातली वजने आठवा. १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ अशी सात वजने असतील तर ० ते १२७ पर्यंतचे कुठलेही माप त्यातून जमते. ट्यूनरमध्ये अशीच साधारण दुप्पट होत जाणारी कॉइल आणि कपॅसिटरची मालिका असते आणि प्रत्येकासाठी एक रिले. हौशी लोकांमध्ये लोकप्रिय असलेल्या 'एटीयू-१००' या खुल्या डिझाइनमध्ये सात कॉइल आणि सात कपॅसिटर आहेत. कपॅसिटर १० पिकोफॅरडपासून १,००० पिकोफॅरडपर्यंत जातात. कॉइलच्या १२८ आणि कपॅसिटरच्या १२८ जोडण्या, त्यात कपॅसिटर कुठल्या बाजूला ठेवायचा याचे दोन पर्याय. गुणाकार केला तर ३२,७६८ शक्यता होतात.

'ऑटोमॅटिक' म्हणजे नेमके काय घडते?

ट्यूनचे बटण दाबल्यावर डब्यातून काही सेकंद टकटक आवाज येतो. तो रिले उघडझाप होण्याचा आवाज असतो. त्या काळात क्रमाने पुढील गोष्टी होतात.

पहिले, रेडिओ कमी ताकदीवर, साधारण १० वॉटवर, एकसारखा सिग्नल पाठवतो. पूर्ण ताकदीवर रिले उघडझाप केले तर त्यांच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडून ते खराब होतात.

दुसरे, डब्यातला सेन्सर जाणारी आणि परतणारी शक्ती वेगवेगळी मोजतो. मायक्रोकंट्रोलर त्यातून एसडब्ल्यूआर काढतो. अनेक ट्यूनर त्याच वेळी फ्रिक्वेन्सीही मोजून घेतात.

तिसरे, तो सगळ्या ३२ हजार शक्यता तपासत बसत नाही. आधी मोठ्या उड्या मारतो. एसडब्ल्यूआर कमी होतोय असे दिसले की त्याच दिशेने लहान पावले टाकतो. वाढू लागला की मागे येतो. अंधारात चाचपडत रेडिओवर आकाशवाणी केंद्र लावताना आपण आधी सुई भराभर फिरवतो आणि आवाज लागला की हळूहळू, तसाच हा शोध असतो.

चौथे, चांगला जुळणारा संच मिळाला की तो फ्रिक्वेन्सीसकट स्मृतीत साठवतो. पुन्हा त्याच फ्रिक्वेन्सीवर आलात की शोध घ्यावा लागत नाही, सेकंदाच्या आत जुना संच लागतो.

काही ट्यूनरमध्ये लॅचिंग रिले असतात. एकदा स्थिती बदलली की ती टिकवण्यासाठी त्यांना वीज लागत नाही. सौर पॅनेल किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट चालवायचा असेल तर ही बचत मोलाची ठरते, कारण १०० वॉटचा सेट बोलताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास करंट खेचतो.

मग अँटेना ट्यूनर अँटेना ट्यून करतो का?

नाही, आणि नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. ट्यूनर अँटेनाला हातही लावत नाही. अँटेना जशी होती तशीच राहते. ट्यूनर फक्त रेडिओला ५० ओहम दाखवतो, म्हणजे रेडिओ घाबरून ताकद कमी करत नाही. रेडिओच्या मीटरवर एसडब्ल्यूआर १ दिसतो, पण ट्यूनरच्या पलीकडच्या केबलमध्ये तो पूर्वीइतकाच असतो.

पुन्हा शेतातले उदाहरण घेऊ. पंपाचे तोंड आणि पाइप वेगळ्या मापाचे असतील तर रिड्यूसर लावून जोडता येतात. पण पुढची पाइपलाइन ठिकठिकाणी गळत असेल तर रिड्यूसर तिला काय करणार?

उलट फिरलेली शक्ती लगेच वाया जाते असेही नाही. ट्यूनर ती पुन्हा अँटेनाकडे वळवतो. पण प्रत्येक फेरीत केबल त्यातला थोडा हिस्सा उष्णता म्हणून खाते. ३० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल घ्या. ७ मेगाहर्ट्झवर सगळे जुळलेले असतानाही ती शक्तीचा जवळपास पाचवा हिस्सा गिळते. तिच्या टोकाला एसडब्ल्यूआर १० असेल तर १०० वॉटपैकी निम्म्याहून कमी अँटेनापर्यंत पोहोचतात. गंमत म्हणजे त्याच वेळी रेडिओच्या टोकाला एसडब्ल्यूआर १० नव्हे, साडेचारच्या आसपास दिसतो. केबलच्या नुकसानीमुळे परतणारी लाटही क्षीण होते आणि मीटर खरी परिस्थिती लपवतो. फ्रिक्वेन्सी वाढेल तसे हे नुकसान आणखी वाढते.

एक टोकाचे उदाहरण. डमी लोड, म्हणजे चाचणीसाठी वापरला जाणारा ५० ओहमचा रेझिस्टर जोडला तर एसडब्ल्यूआर अगदी १ येतो. पण तो शक्ती हवेत सोडत नाही, नुसता तापतो. त्यामुळे कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना, हे समीकरण मनातून काढून टाकलेले बरे.

आतला ट्यूनर की बाहेरचा?

अनेक एचएफ सेटमध्ये ट्यूनर आतच बसवलेला असतो. तो सहसा एसडब्ल्यूआर ३ पर्यंतच सांभाळतो, म्हणजे साधारण १७ ते १५० ओहम. अँटेना मुळात बरोबर कापलेली आहे आणि बँडच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायचे आहे, एवढ्यासाठी तो पुरेसा. भारतात ८० मीटर बँडचा मुख्य भाग ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्झ आहे. मधल्या फ्रिक्वेन्सीसाठी कापलेली तार दोन्ही टोकांना थोडी बिनसते. आतला ट्यूनर तेवढी कसर भरून काढतो.

पण ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेली २० मीटरची डायपोल केबलसकट ३.५ वर वापरू म्हटले तर आतला ट्यूनर हात टेकतो. बाहेरचा मोठा ट्यूनर कदाचित जुळवून देईल, पण शक्तीचा मोठा भाग केबलमध्येच जिरेल.

अशा वेळी तीन रस्ते आहेत. एक, पाऊसपाणी सहन करणारा ट्यूनर थेट अँटेनाच्या पायथ्याशी बसवायचा. म्हणजे ट्यूनर ते रेडिओ या केबलमध्ये एसडब्ल्यूआर कमीच राहतो. जपानच्या आयकॉम कंपनीचा एएच-४ हा या प्रकारचा परिचित ट्यूनर. दोन, केबलऐवजी दोन समांतर तारांची लाइन वापरायची, तिच्यात नुकसान फार कमी होते. तीन, सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे एकाच केबलला २० आणि ४० मीटरच्या दोन डायपोल जोडायच्या. तिथे ट्यूनरचे काम आपोआप हलके होते.

आपत्तीत उपयोगी मांडणी कोणती?

समजा, तालुक्याच्या गावी शाळेच्या आवारात तात्पुरते केंद्र उभारायचे आहे. दोन डायपोल मोजून कापण्याइतका वेळ किंवा जागा नाही. कडुनिंबाच्या झाडावर दगड बांधलेली दोरी टाकून एक तार वर ओढायची, ट्यूनर झाडाच्या बुंध्याशी ठेवायचा आणि दुसरी तार जमिनीवर पसरायची. ही जमिनीवरची तार विसरली तर परतीचा मार्ग म्हणून केबलचे बाहेरचे आवरणच वापरले जाते, माइकला हात लावताच चटका बसतो.

तारेची लांबीही विचार करून घ्यावी लागते. एका टोकाला जोडलेली तार बरोबर २० मीटर असेल तर ७ मेगाहर्ट्झवर तिच्या टोकाचा अडथळा हजारो ओहम होतो आणि बरेच ट्यूनर तिथे हरतात. म्हणून जाणकार अर्ध्या तरंगलांबीच्या जवळची मापे टाळतात.

आणखी एक शिस्त महत्त्वाची. ट्यून करताना निघणारा सिग्नल दुसऱ्यांच्या संभाषणावर शिट्टीसारखा ऐकू जातो. आपत्कालीन जाळे चालू असलेल्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबणे म्हणजे कुणाचा तरी मदतीचा निरोप झाकणे. म्हणून आधी ऐकायचे, काही किलोहर्ट्झ बाजूला सरकून कमी ताकदीवर ट्यून करायचे आणि मग जाळ्यात यायचे. अशा प्रसंगी ऑटोमॅटिक ट्यूनरचा खरा फायदा हाच, की हे काम काही सेकंदांत उरकते आणि नवखा ऑपरेटरही ते करू शकतो.

तयारीचे महत्त्व अंदमानने दाखवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम पथक प्रयोगासाठी पोर्ट ब्लेअरला होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली तेव्हा त्यांची अँटेना आधीच उभी होती. त्याच केंद्रावरून मुख्य भूमीशी संपर्क सुरू झाला आणि बेटांवरच्या लोकांची खुशाली घरच्यांपर्यंत पोहोचली.

कोणती काळजी घ्यावी?

विजेच्या तारांच्या जवळपास अँटेना टाकू नये. दोरी निसटली तर तार कुठे पडेल, हे आधी पाहावे. १०० वॉटवर तारेच्या टोकाला शेकडो व्होल्ट असू शकतात, त्यामुळे ती मुलांच्या आणि जनावरांच्या हाताला-अंगाला लागणार नाही इतकी उंच असावी. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा किती पडतात हे सांगायला नको. ढग गडगडू लागले की बोलणे थांबवून केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवावी. ट्यूनर विजेपासून संरक्षण देत नाही.

परवाना कसा मिळतो?

परवान्याशिवाय हॅम सेटवरून बोलणे बेकायदा आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन परवाना देते. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करता येतो. किमान वय १२ वर्षे. परीक्षेत रेडिओचे तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स कोड लागत नाही, जनरल श्रेणीसाठी लागतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या कॉलसाइनची सुरुवात सहसा व्हीयू३ ने आणि जनरलची व्हीयू२ ने होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची कॉलसाइन व्हीयू२आरजी होती. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी पोर्टलवरील सध्याच्या अटी पाहून घ्याव्यात.

नांदेड-लातूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी तर हा विषय अभ्यासक्रमातलाच आहे. इम्पिडन्स मॅचिंग, ट्रान्समिशन लाइन, मायक्रोकंट्रोलर हे तीन वेगवेगळे पेपर या एका डब्यात एकत्र येतात. एटीयू-१०० चे सर्किट खुले असल्याने तो हाताने जोडूनही बनवता येतो.

थोडक्यात, खरेदीची यादी करायची झाली तर पहिला खर्च चांगल्या तारेवर आणि केबलवर, दुसरा बॅटरीवर आणि ट्यूनर त्यानंतर. अँटेना नीट असेल तर ट्यूनर उरलेली कसर काढतो. अँटेनाच वाईट असेल तर मीटरवर १ दिसेल, पण मुंबईत कुणाला काही ऐकू येणार नाही.